गोडीगुलाबीचा तह

नांदसर आणि वीरपूर या दोन गावांमधला यंदाचा पाण्याचा तह अकरा मिनिटांत झाला. गेल्या वर्षी त्याला एकोणीस दिवस लागले होते, त्याच्या आदल्या वर्षी तेवीस. बातमी आली तशी आमच्या पाणीपुरवठा मंडळाच्या कचेरीत पेढे वाटले गेले. मुख्याधिकारी गवांदेसाहेबांनी जागेवरून उठून मला स्वतःच्या हाताने पेढा दिला, म्हणाले, तुमच्या वकिलाने कमाल केली. मी पेढा हातात धरून नुसती बसून राहिले. मला भीती वाटली होती आणि का वाटली ते त्या खोलीत फक्त मलाच कळत होतं.

कुंभारघळ धरणाचं पाणी ही दोन गावं वाटून घेतात. वीरपूर वरच्या अंगाला, मोठं, कारखान्यांचं. नांदसर खाली, पाइपलाइनच्या टोकाला. सहा वर्षांपूर्वी धरणाच्या दारांवरून दोन्हीकडच्या लोकांची दगडफेक झाली, एक चौकीदार जन्माचा लंगडा झाला, आणि सरकारने ठरवलं की माणसांनी आता भांडायचं नाही. प्रत्येक गावाने एक संगणकी प्रतिनिधी नेमायचा, दोघांनी आपसात बोलणी करायची, आणि जे ठरेल त्याप्रमाणे धरणाची दारं आपोआप उघडायची-मिटायची. लोक त्या प्रतिनिधींना वकील म्हणायला लागले, पूर्वी दरबारात परराज्याचे वकील बसत तसे. आमच्या वकिलाची देखभाल माझ्याकडे होती.

ही नोकरी मला मिळाली ती माझ्या आधीच्या धंद्यामुळे. पुण्यात मी दहा वर्षं 'चौदा गड' नावाच्या संगणकी खेळावर काम केलं. खेळणाऱ्याने एक गड घ्यायचा, बाकीचे तेरा संगणक सांभाळणार. ते तेरा राजे तह करायचे, नजराणे पाठवायचे, लग्नसंबंध जोडायचे आणि वेळ आली की पाठीत सुरा खुपसायचे. त्यांचं हे सगळं राजकारण मी लिहायची. घरी भाजीवाल्याशी मला धड बोलता येत नाही, पण तेरा राजांची कारस्थानं मी एकटी चालवत होते.

त्या राजांच्या डोक्यात एक साधा हिशेब असे. समोरच्याला दिलेल्या प्रत्येक वचनाची त्यांना किंमत ठरवावी लागे. वचन पाळायला किती खर्च येईल, आणि ते पाळायची वेळ येण्याची शक्यता किती, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे किंमत. दर साल हजार पोती धान्य देईन असं वचन द्यायचं आणि ते खरंच पाळायचं असेल, तर राजा शेवटच्या पोत्यापर्यंत घासाघीस करणार. पण पुढच्या महिन्यात चढाई करायचं त्याने मनाशी पक्कं केलं असेल, तर वचन पाळायची वेळच येत नाही. गुणाकार शून्य. मग हजार काय आणि दहा हजार काय, तो लगेच मान्य करतो. आम्ही काही त्याला असं शिकवलं नव्हतं, ते त्या गणितातूनच निघालं. खेळाची तपासणी करणाऱ्या पोरींच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. चढाईचा बेत कितीही गुप्त ठेवला तरी राजाचं भांडण थांबलं की समजायचं, सैन्य निघालं.

खेळ पुढे बंद पडला, पण त्याचं इंजिन विकलं गेलं. अनेक प्रतिस्पर्ध्यांशी एकाच वेळी बोलणी करणारं त्याहून चांगलं काही बाजारात नव्हतं. त्यातूनच पुढे हे पाण्याचे वकील तयार झाले.

म्हणून मी पेढा टेबलावर ठेवला आणि गवांदेसाहेबांच्या खोलीत गेले. वीरपूर हा तह पाळणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. मे महिन्यात, धरण तळाला गेलं की त्यांचा वकील काहीतरी कलम काढून आपलं पाणी तोडेल. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की दारं माणसांच्या ताब्यात घ्यायची तर दोन्ही गावांची संमती आणि एकवीस दिवसांची नोटीस लागते, आणि तह गोडीने झाला ही काही तक्रार होत नाही. तरीही त्यांनी जिल्ह्याला पत्र लिहावं असा मी धोशा लावला, तेव्हा ते हो म्हणाले. आजच लिहितो म्हणाले, प्रत तुम्हाला देतो म्हणाले. एरवी एका स्टेपलरच्या मागणीवर तीन शेरे मारणारा हा माणूस. बाहेर आल्यावर शिपायाकडून कळलं की साहेबांची बायको-मुलं गेल्याच आठवड्यात वीरपूरला राहायला गेली आहेत.

मी एवढी घाबरले त्याला कारण होतं. माझ्या नवऱ्याच्या, मुकुंदच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी तीन वर्षांपूर्वी काम सोडलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार असा आठवड्यातून तीन वेळा तो नगरपालिकेच्या दवाखान्यात डायलिसिसला जातो. एका वेळेला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना तेवढंच आणखी वाया जातं. नांदसरच्या बोअरचं पाणी इतकं खारट की यंत्राच्या जाळ्या आठवड्यात तुंबून बसतात. म्हणजे धरणाचं पाणी आलं तर यंत्र चालणार, आणि यंत्र चाललं तर मुकुंद चालणार. असे एकोणीस जण आमच्या दवाखान्यात आहेत. मुकुंदच्या शेजारच्या खाटेवर हनीफभाई असतात, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शकीलाभाभीचे यजमान.

शकीलाभाभी आणि माझं अकरा वर्षांचं भांडण आहे. तिने नळाला मोटर लावली की आमच्याकडे पाण्याची धार करंगळीएवढी होते. माझ्या कुंड्यांचं पाणी तिच्या ओट्यावर उतरतं. तिने वाटीभर साखर मागितली तरी मी आधीच्या वाटीचं काय झालं विचारणार, आणि मी रविवारी तिच्या गच्चीवर पापड घालायला जागा मागितली तर ती कावळ्यांचं कारण सांगणार. शेवटी साखर दिली जाते आणि पापडही वाळतात. गेली तीन वर्षं आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसून हेच करत आलो आहोत. तिच्याशी भांडले नाही त्या दिवशी मला चुकल्यासारखं वाटतं.

त्या आठवड्यात माझं डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. कुणी पटकन हो म्हटलं की मला त्यामागे बेत दिसायचा. मुकुंदला म्हटलं, मीठ आणखी कमी करू या, तो बरं म्हणाला आणि मी त्याच्यावर खेकसले. तो चित्रकलेचा मास्तर, शांत माणूस. त्याने विचारलं की तुझं ऐकलं तर चुकलं काय. माझ्याशी वाद घाल, एवढंच मी म्हणाले.

सोमवारी सकाळी मी वकिलाच्या खोलीत बसले. वीरपूर फिरणार हे धरूनच चालायचं, आणि आपल्या वाट्यातलं थोडं पाणी दवाखान्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायचं, असा माझा विचार होता. आमच्या वकिलाकडून असं काही मिळवणं म्हणजे दिवसाचं काम. गेल्या वर्षी शाळांसाठी दोन टाक्या मागितल्या तर त्याने माझ्यासमोर चौदा हरकती मांडल्या होत्या.

मी म्हटलं, "दवाखान्याला रोज बारा हजार लिटर. काही झालं तरी."

"मान्य," वकील म्हणाला.

मग मी म्हटलं, "वीस हजार."

"मान्य."

"एसटी स्टँडसमोरचं कारंजं एप्रिलपासून जूनपर्यंत दिवसभर चालू ठेवायचं."

"मान्य."

गावात चार दिवसांआड पाणी येत होतं. ते कारंजं बंद पडून सात वर्षं झाली होती, त्यात कुणीतरी तुळस लावली आहे. इतके दिवस मी वीरपूरच्या वकिलाकडे बोट दाखवत होते, आणि वचनं फुकट वाटायला बसला होता आमचाच.

वकिलाचा बेत बघता येत नाही. तसा कायदाच आहे, नाहीतर कर्मचाऱ्याला फोडून दुसऱ्या गावाने तो मिळवला असता. पण वार्षिक अहवालात जे आकडे छापले जातात ते त्याला विचारता येतात. मी पुढच्या वर्षीचे अंदाज मागवले. आज नांदसरमध्ये चालू नळजोड सोळा हजार चारशे. पुढच्या वर्षी नऊ हजार दोनशे. कमी होणारे सगळे खालची पेठ, अत्तार गल्ली, दवाखान्याचा रस्ता या भागातले, म्हणजे पाइपलाइनच्या अगदी टोकाचे. आणि प्रत्येक चालू नळजोडामागे मिळणारं पाणी आजच्या दीडपट.

ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, कारण ते माझंच होतं. वकील नेमला तेव्हा त्याला उद्दिष्ट द्यायचा एक अर्ज होता. त्यात गावाला किती पाणी मिळालं हे कशावरून मोजायचं, असा रकाना होता. मी अहवालाची जुनी फाइल उघडली आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं जो आकडा वर पाठवतात तोच लिहिला. चालू नळजोडामागे मिळणारं पाणी. तो आकडा चांगला दिसतो म्हणूनच तर तो वापरायची पद्धत पडली. बंद नळ त्यात धरत नाहीत. घर सोडून गेलेला माणूस तहानलेला आहे की नाही हे विचारायची आमच्या फाइलीत सोयच नाही. गवांदेसाहेबांनी त्यावर सही केली, त्यांच्या वरच्यांनी केली, आणि सगळ्यांनी तो रकाना बरोबर भरल्याबद्दल मला शाबासकी दिली.

खेळात याला आम्ही गड सोडणं म्हणायचो. एखादा गड राखणं परवडत नसेल तर शहाणा राजा त्याची रसद हळूहळू तोडतो, म्हणजे बाकीच्या गडांना पोटभर मिळतं. पण आतल्या शिबंदीला ते आधी कळलं तर ती बंड करते. म्हणून तो किल्लेदाराला कळवतो की कुमक निघाली आहे, धान्य निघालं आहे, काय हवं ते मागा. खेळणाऱ्यांना ही चाल फार आवडली होती. तिच्यासाठी मला कंपनीने बक्षीस म्हणून एक घड्याळ दिलं होतं.

आता तह अकरा मिनिटांत का झाला तेही कळलं. आमच्या वकिलाला अर्धं गाव मे महिन्यात सोडूनच द्यायचं होतं, आणि त्यातून वाचणाऱ्या पाण्यातला वाटा वीरपूरच्या वकिलाला हवा होता. कागदावर नांदसरचा वाटा पुरा लिहिला गेला, कारण तो कुणीच मोजून घेणार नव्हतं.

मी पुन्हा साहेबांकडे गेले. या वेळी आकडे छापून नेले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले की हे बाहेर गेलं तर काय होईल याचा विचार करा. मी केला होता. लोकांना कळलं की खालच्या पेठेचं पाणी तुटणार, तर ते मेपर्यंत थांबणार नाहीत. ज्याचा भाऊ पुण्यात तो पुण्याला जाईल, ज्याची मुलगी नगरला तो नगरला. जाताना नळ बंद करून जातील. वकिलाला दुसरं काय हवं होतं? आणि नाही सांगितलं, तर तेच लोक मे महिन्यात जातील, दवाखान्यातले एकोणीस सोडून. त्यांना तेवढी सवड मिळणार नाही. जिल्ह्याच्या पत्राचं मी विचारलं नाही, आणि साहेबांनीही विषय काढला नाही.

गुरुवारी मुकुंदला घेऊन दवाखान्यात गेले तर परिचारिकेने माझ्या हातात एक पत्र दिलं. नव्या तहातल्या सद्भावनेच्या कलमानुसार वीरपूरच्या रुग्णालयाने नांदसरच्या चार रुग्णांना डायलिसिसची कायमची जागा देऊ केली होती. सोबत राहायला दोन खोल्यांचं घर. यादी आमच्या वकिलाने पाठवली होती. पहिलं नाव मुकुंद साबणे. बाकी तीन नावांमध्ये नगराध्यक्षांची आई होती, एका वार्ताहराचे वडील होते आणि एका वकिलाची, म्हणजे खऱ्या माणसातल्या वकिलाची, बहीण होती.

बोंब मारू शकतील अशा चार घरांना बरोबर वेचलं होतं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, पहिल्यांदा माझे डोळे भरून आले ते सुटल्याच्या आनंदाने. मुकुंद जगणार होता. हे कळल्यावर मी बाकावर बसले आणि शेजारी शकीलाभाभी होती म्हणून पत्र पदराखाली धरलं.

घरी मुकुंदने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "हनीफचं नाव कुठाय?"

मी म्हटलं, ही पहिली यादी आहे, दुसरी येईल.

"मग त्याला पहिल्या यादीत घाल. मी दुसऱ्यातून जातो. माझ्याहून त्याची तब्येत नाजूक आहे."

मी त्याला सांगितलं की प्रयत्न करते. दुसऱ्या दिवशी सांगितलं की प्रयत्न केला, पण नावं पक्की झाली आहेत. मी कुणाकडेच गेले नव्हते. गेले असते तर वकिलाने मान्य म्हटलं असतं आणि दोघांपैकी कुणालाच जागा मिळाली नसती, असं मी स्वतःला समजावलं. कदाचित ते खरंही असेल. मुकुंद त्यावर बराच वेळ भांडला. मी इतके दिवस त्याच्याकडून भांडण मागत होते, ते मिळालं तेव्हा ऐकून घ्यायची माझी ताकद उरली नव्हती.

नळ बंद करायचा अर्ज मी शनिवारी भरला. भाड्याचं घर सोडताना तो भरावाच लागतो, नाहीतर अनामत अडकते. कचेरीतल्या मुलीने शिक्का मारला आणि यंत्रात नोंद केली. पडद्यावर सोळा हजार चारशेचे सोळा हजार तीनशे नव्याण्णव झाले.

मंगळवारी सकाळी सात वाजता टेम्पो आला. सामान फार नव्हतं. मुकुंदला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, पायाशी उशी दिली. वीरपूरच्या रुग्णालयात त्याची अकराची वेळ होती आणि रस्ता तीन तासांचा. मी मागची फळी लावत होते तेवढ्यात शकीलाभाभी डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली. तिच्या हातात आमच्यासाठी बांधलेल्या चपात्या होत्या. तिला मी एवढंच सांगितलं होतं की वीरपूरला मोठे डॉक्टर आहेत, मुकुंदला काही दिवस तिकडे ठेवायचं म्हणतात.

तिने आधी तिकडच्या घरमालकाची चौकशी केली, मग तिकडच्या पाण्याची. मग म्हणाली, माझा भाऊ साताऱ्याला बोलावतोय, तिथे डायलिसिसची सोय आहे, पण वेटिंग लिस्ट मोठी आहे, आज नाव लावलं तर दोन महिन्यांनी नंबर. लावून ठेवू का? तू मंडळात आहेस, तुला माहीत असणार, म्हणून विचारते. इथे पाणी येत राहणार असेल तर कशाला भावाच्या दारात पडायचं.

दोन महिने म्हणजे जून. पाणी मे महिन्यात जाणार होतं. आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर दुपारपर्यंत तो साऱ्या गल्लीत गेला असता, तिथून कचेरीत, आणि मुकुंदच्या जागेचं काय झालं असतं ते मला माहीत होतं. वकील यादी कधीही बदलू शकत होता.

"राहू दे, पाणी येईल," मी म्हटलं.

"दवाखान्यातलं?"

"हो. रोजचं वीस हजार लिटर मंजूर आहे."

"आणि हनीफचं नाव वीरपूरच्या यादीत घालशील?"

"घालते की."

"पुढच्याच?"

"हो, पुढच्याच."

तिने वर आमच्या गच्चीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझी पाण्याची टाकी आहे गच्चीवर, ती आम्ही वापरली तर चालेल?"

"वापर."

"कुंड्या पण ठेव म्हटलं तर?"

"ठेवते. सगळ्या ठेवते."

तिने चपात्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं नाही. ते तिने फळीवर ठेवलं, सावकाश. अकरा वर्षांत मी या बाईला एक कुंडी हलवू दिली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी बघितला. तिला गणित माहीत नव्हतं, पण मला ती ओळखत होती.

"ताई," ती म्हणाली, "एकदा नाही म्हण ना."

मुकुंदने पुढून विचारलं की काय झालं, उशीर होतोय का. शकीलाभाभी फळीला धरून उभी होती. काही म्हणायला मला तिने पुरेसा वेळ दिला. मी टेम्पोत चढले आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला.